विरळ वाऱ्याचा दिवस

सोन्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण चाळिशी उलटली, पोट सुटलं, डोक्यावरचे केस निरोप घेऊन गेले, तरी आईला त्याला दुसऱ्या कशाने हाक मारता आली नाही, आणि आईच तसं म्हणते म्हटल्यावर बाकीचेही तेच म्हणू लागले. त्याची थोरली बहीण ती ताई. घरात ताई, संस्थेत ताई, चहा देणारासुद्धा "ताई, साखर नको ना?" म्हणूनच कप ठेवायचा. सबंध चुंबकीय वेधशाळेत एवढं शिकलेलं आणि एवढं तिरसट माणूस दुसरं नव्हतं. ताई म्हटलं की तिची धार जरा कमी होते असा लोकांचा समज होता. तो साफ चुकीचा होता.

ताईला किळस फार. कपाच्या कानाला चिकटपणा लागला तर ती चहा टाकून द्यायची. कुणी बोटाला थुंकी लावून कागद उलटला की तो कागद पुन्हा हातात धरायची नाही. पण ही झाली वरवरची किळस. खरी शिसारी तिला यायची ती लबाडीची. आकडा जरा बरा दिसावा म्हणून कुणी तो गोल केला, आलेखातला एखादा अडचणीचा ठिपका कुणी गुपचूप पुसला, की तिच्या पोटात ढवळायचं. उगाच बोलायला म्हणून नव्हे, खरोखरच ढवळायचं. असा एक ठिपका पुसणाऱ्या सहकाऱ्याला तिने सगळ्यांसमोर ऐकवलं होतं, "त्यापेक्षा माझ्या टेबलावर नाक शिंकरलं असतंत तरी चाललं असतं." तो बिचारा पुढे नोकरी बदलून गेला.

तर या बाईचं काम काय, तेही सांगून टाकतो. सूर्यावरून सतत एक वारा सुटलेला असतो. पानं हलवणारा नव्हे. विजेचा भार घेतलेल्या बारीक कणांचा, डोळ्यांना न दिसणारा. तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर येऊन आदळतो, त्याच्या कडेकडेने घासत पुढे जातो, आणि मग ते क्षेत्र थरथरतं. थरथर तरी कसली, अगदी संथ हेलकावे. एकेक हेलकावा पुरा व्हायला पाच-पाच मिनिटं लागतात. तुम्हाला-मला पत्ताही लागत नाही. पण नाजूक सेन्सरला लागतो, आणि आलेखावर रेघ हळूहळू वर-खाली होत जाते. यांना म्हणायचं स्पंदनं. ही स्पंदनं जोरात आली की वर अवकाशातले काही कण अंगात वारं शिरल्यासारखे उधळतात आणि उपग्रहांच्या आत घुसून त्यांची वाट लावतात.

ताईने या प्रकरणात एक नियम काढला होता. सौरवाऱ्याचा वेग सांगा, मी जमिनीवरच्या स्पंदनांचा जोर सांगते. सूर्याच्या दिशेला दूरवर एक यान उभं आहे, ते वारा इथे पोहोचायच्या आधीच त्याचा वेग मोजतं. म्हणजे नियम खरा असेल तर उपग्रहवाल्यांना सावध व्हायला वेळ मिळतो. हा नियम परदेशातही "ताईंचा नियम" म्हणून पोहोचला होता आणि त्याचं तिला कौतुक नव्हतं असं कोण म्हणेल? आयुष्य घातलं होतं बाईने. लग्न केलं नाही, सिनेमे पाहिले नाहीत, गुडघे झिजवले. आता कुठे फळ येत होतं: उपग्रहांना धोक्याची सूचना देणारं जे इशारा केंद्र होतं, ते आपलं सगळं काम या नियमावर बसवणार होतं. येत्या सोमवारी सह्या व्हायच्या होत्या.

नियम ज्या नोंदींवर उभा होता त्या यायच्या शहराबाहेरच्या माळावरून. तिथे वेधशाळेची एक लाकडी खोली होती. तिला म्हणायचे शांत खोली, कारण त्या खोलीत लोखंडाला बंदी. खिळे तांब्याचे, बिजागऱ्या पितळी. आत जाणाऱ्याने दाराबाहेरच्या पेटीत किल्ल्या, पट्टा, घड्याळ, केसांतल्या पिना, सगळं काढून ठेवायचं. ताई तरुण होती तेव्हा ती स्वतःच तिथे नोंदी घ्यायची, आणि त्यासाठी तिने हुक नसलेले, नुसत्या नाड्यांचे आणि लाकडी गुंड्यांचे कपडे शिवून घेतले होते. एवढी काळजी घेऊनसुद्धा एकदा तिच्या हातून चूक झालीच. मनगटावर घड्याळ तसंच राहिलं आणि ती सेन्सरजवळ वाकली. आलेखाच्या रेघेला तिथे एक बारीकसा दात आला. स्पंदनाच्या उतारावर आलेला, उजवीकडे झुकलेला, किडका दात. त्या दाताने तिला कित्येक दिवस जेवण गोड लागू दिलं नव्हतं.

पुढे गुडघ्यांनी माळावर चालणं सोडलं, नोंदी तारेवरून थेट संस्थेत येऊ लागल्या, आणि खोली सांभाळायला माणूस हवा झाला. सोन्या तेव्हा चौथी नोकरी सोडून घरी बसलेला. आई म्हणाली, "तुझ्या शब्दाला वजन आहे ना तिथे? मग टाक की." ताईने शब्द टाकला. सोन्या लागला, माळाच्या कडेला त्याला राहायला दोन खोल्या मिळाल्या. आणि नवल म्हणजे तो टिकला! नोंदीत कधी खंड नाही, कधी तक्रार नाही. ताईने त्याला मोठ्या हौसेने आपला नियम समजावून सांगितला, त्यानेही मान डोलावून ऐकून घेतला. दर रविवारी तो आईला भेटायला यायचा तो पिशवीभर ताजी अंडी घेऊन. "मित्राकडची आहेत," म्हणायचा. ताई म्हणायची, "बघ आई, पोरगं मार्गी लागलं."

नियमही कसा, दर वर्षी अधिकच पक्का होत चाललेला. नवीन नोंदींचा एकेक ठिपका ताईच्या रेघेवर असा येऊन बसायचा की वा रे वा!

आणि सह्यांच्या आधीच्या आठवड्यात सूर्याकडून एक विचित्र दिवस आला. वाऱ्याचा वेग नेहमीचाच, चांगला जोरकस. पण कण जवळजवळ नाहीतच. वाऱ्यात वाराच नव्हता म्हणा ना. पंखा गरगर फिरतोय, पण खोलीतली हवाच कुणी काढून घेतलीय, तसा प्रकार. जगभरच्या वेधशाळांतल्या रेघा त्या दिवशी आडव्या पडल्या. पृथ्वी गप्प. आणि आपल्या माळावरची रेघ? ती मजेत वर-खाली, वर-खाली करत होती. वेग जेवढा होता, तेवढीच नेमकी स्पंदनं. अगदी नियमाप्रमाणे.

ताईला आधी आनंद झाला, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. सगळं जग झोपलं असताना आपलंच स्टेशन जागं, म्हणजे काहीतरी मोठं हाती लागलं असं तिला वाटलं. तिने आलेख मोठा करून भिंतीवर लावला. हातात कप घेऊन ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. आणि मग तिला दिसलं.

एका स्पंदनाच्या उतारावर, उजवीकडे झुकलेला, बारीक किडका दात.

परवाच्या आलेखात तिच्या तरुणपणच्या मनगटावरचं घड्याळ होतं!

ताईने कप खाली ठेवला. जुना आलेख काढून दोन्ही एकमेकांवर ठेवले. रेघ रेघेवर बसली. तारीख तेवढी वेगळी. मग तिने मागची वर्षं काढली आणि एकेक दिवस संगणकाला शोधायला लावला. जुन्या दिवसांना थोडं फुगवलेलं, थोडं दाबलेलं, थोडं पुढेमागे सरकवलेलं, आणि नवीन तारखा चिकटवलेल्या. हा जुना, तोही जुना, पलीकडचाही जुना. सोन्या लागल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यापासून खरा दिवस एकही नव्हता. तिला वाटलं, कुणीतरी वर्षानुवर्षं आपल्याला आपलंच उष्टं वाढतंय आणि आपण मिटक्या मारत खातोय.

ती तशीच उठली आणि बस पकडून माळावर गेली.

शेवटच्या थांब्यापासून चालताना लांबूनच वास आला. शांत खोलीपाशी पोहोचेपर्यंत तिने पदर नाकाला लावलेला होता. दाराबाहेरच्या पेटीत सवयीने ती घड्याळ काढून ठेवायला गेली, तर पेटीत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. तिने दार ढकललं. आत कोंबड्या होत्या. एक-दोन नव्हे, भिंतींना टेकून छतापर्यंत रचलेले पिंजरे, आणि पिंजरे कसले? लोखंडी! गंजलेल्या जाळ्या, लोखंडी पत्रे, लोखंडी बादल्या. जिथे टाचणी न्यायची चोरी, तिथे भंगाराचं दुकान मांडलेलं. डोळे झोंबवणारा तो विष्ठेचा वास, उडणारी पिसं, सगळा एकच कलकलाट. सेन्सर ज्या खळग्यात बसवलेला होता त्याच्यावर फळी टाकून दाण्याचं पोतं ठेवलं होतं. ताईने पोतं ओढलं, फळी उचलली. खाली घाण पाणी साचलेलं, त्यावर साय आल्यासारखा हिरवट थर, आणि त्यात फुगून तरंगणारं एक मेलेलं पिल्लू. सेन्सरचं झाकण कुठेतरी त्याच्याखाली होतं.

ताई बाहेर येऊन भडाभडा ओकली.

"अगं ताई! सांगून तरी यायचंस!" सोन्या बादली घेऊन धावत आला. "थांब, पाणी देतो. हे पाणी चांगलं आहे हं."

"हात लावू नकोस मला," ताई म्हणाली. "कधीपासून?"

सोन्याने बादली खाली ठेवली. त्याचा चेहरा चोरी पकडलेल्या माणसासारखा नव्हताच, हेच तर जास्त ओंगळ होतं. गैरसमज झालेल्या पाहुण्याला घर दाखवावं तसा तो समजावू लागला. "हे बघ, आधी उंदरांनी सेन्सरची वायर कुरतडली. दुरुस्तीला महिना गेला असता. तू चिडली असतीस ना खंड पडला म्हणून? मग म्हटलं, महिनाभर आपण भरून काढू. तूच शिकवलंस की. यानाकडचा वाऱ्याचा वेग बघायचा, तुझ्या नियमाने जोर काढायचा, तेवढ्या जोराचा एक जुना दिवस शोधायचा, जरा खाली-वर करायचा आणि माझ्या खोलीतल्या संगणकावरून पाठवायचा. कमी कष्ट नव्हते हं ताई! रोजचं काम होतं."

"आणि वायर?"

"तिचं कुणी विचारलंच नाही परत. तू तर दर महिन्याला म्हणायचीस, काय सुंदर नोंदी येतायत! मग म्हटलं, ताईला आवडतायत, तर कशाला मोडता घालायचा? आणि खोली काय, रिकामीच होती."

ताईच्या डोक्यात तिडीक गेली. "अरे नालायका, नियम खरा आहे की खोटा ते बघायला नोंदी घेतात! तू नियमावरूनच नोंदी बनवल्यास!"

"पण नियम खराच आहे ना तुझा?" सोन्याने अगदी निरागसपणे विचारलं. "मग खऱ्या घेतल्या असत्या तरी याच आल्या असत्या. फरक काय पडला, सांग बरं."

परवाचा तो विरळ वाऱ्याचा दिवस नसता तर याला उत्तर जन्मात सुचलं नसतं, हे ताईला तिथेच कळलं. मग तिची नजर पेटीतल्या ट्रेवर गेली.

"ती अंडी..."

"हो मग. इथलीच. एकदम ताजी."

ती पुन्हा ओकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती संचालकांच्या खोलीत जाऊन उभी राहिली. संचालकांना सगळे साहेब म्हणत. साहेब व्हिजिटिंग कार्डाच्या कोपऱ्याने दात कोरत होते. ताईने सगळं सांगितलं, आलेख समोर ठेवले, दात दाखवला. साहेबांनी कार्डावर जे निघालं ते न्याहाळलं, टेबलाच्या कडेला पुसलं आणि म्हणाले, "एक दिवस आहे ना?"

"एक दिवस कसला? सगळी वर्षं!"

"सगळी वर्षं नियमात बसतात. हा एकच दिवस बाकीच्या जगाशी जुळत नाही. मग हाच गाळा. उपकरणात बिघाड, असं लिहा. काय खोटं आहे त्यात?" साहेब हसले. "ताई, सोमवार तोंडावर आहे. नवीन इमारत मिळणार आहे आपल्याला. तुमच्या नावाची प्रयोगशाळा करू."

"साहेब, शांत खोलीत कोंबड्या आहेत."

"माहीत आहे की."

ताई त्यांच्याकडे बघतच राहिली.

"अहो, असं काय बघता? मलाही येतात अंडी," साहेब म्हणाले आणि पुन्हा कार्ड तोंडात घातलं.

ताई खोलीबाहेर आली तेव्हा तिला आपले हातसुद्धा आपले वाटेनात. भाऊ मूर्ख होता, हे एक वेळ समजण्यासारखं होतं. पण हा माणूस सगळं समजून उमजून, ढेकर देऊन बसला होता.

घरी आईपुढे विषय निघायचाच होता, सोन्याने आधीच फोन करून ठेवला होता. "पोराने तुझ्यासाठीच केलं ना?" आई म्हणाली. "तुझं नाव मोठं व्हावं म्हणूनच ना?"

"आई, त्याने माझं तोंड काळं केलंय."

"कुणाला दिसतंय? तुझे ते हेलकावे तरी कधी कुणाला दिसलेत? मला माझा मुलगा दिसतो, समोर उभा असलेला. त्याच्या पोटावर पाय देऊ नकोस. सांगून ठेवते."

"आणि ते उपग्रह? खोट्या नियमावर विसंबून बसतील त्यांचं काय?"

"ते उपग्रह काय तुझ्या आईच्या पोटचे आहेत?"

ताई आपल्या खोलीत गेली आणि तिने संगणक उघडला. विरळ वाऱ्याच्या दिवसाचा ठिपका रेघेपासून लांब, एकटा पडला होता. खरी नोंद काय यायला हवी होती ते शेजारच्या देशाच्या वेधशाळेवरून काढून तिनेच तो तिथे मांडला होता. तिने सहज, नुसतं बघायचं म्हणून, तो पुसला. आणि उरलेला आलेख इतका देखणा दिसला, इतका नितळ, की तिचा हात तिथेच थबकला. कुणाला कळणार होतं? सोन्याची नोकरी राहील, आई बोलत राहील, नाव होईल. दोन सेकंद तिला तो आलेख हवासा वाटला. मग त्या हवंसं वाटण्याचीच तिला अशी काही शिसारी आली की तिने ठिपका परत जागेवर ठेवला आणि पडदा बंद केला.

सोमवारी सभागृहात टेबलावर फुलं, बिस्किटं, नवीकोरी पेनं. इशारा केंद्राकडून एक इंजिनिअर बाई आली होती, सडपातळ, कमी बोलणारी. सह्यांच्या आधी ती एवढंच म्हणाली, "आमचा एक उपग्रह असाच मुका झाला. स्पंदनं वाढलेली कुणाला आधी कळलं नाही. म्हणून तुमचा नियम हवाय." साहेबांनी टाळ्यांसाठी हात वर केलेच होते.

ताई उभी राहिली. "सही करू नका," ती म्हणाली. "नियमाच्या नोंदी खोट्या आहेत. नियमावरून बनवलेल्या आहेत. माझ्या भावाने बनवल्या आणि मी त्या वर्षानुवर्षं डोळे झाकून वापरल्या."

टाळ्यांसाठी उचललेले साहेबांचे हात अर्ध्यातच राहिले. मग ते हसत म्हणाले, "ताईंची तब्येत जरा..."

"माझी तब्येत ठणठणीत आहे. तुमच्या घरी अंडी येतात ती कुठून येतात ते सांगू का सगळ्यांना?"

साहेब खाली बसले. इंजिनिअर बाईने पेनाला टोपण लावलं. "खऱ्या नोंदी किती आहेत?" तिने विचारलं.

"माझ्या तरुणपणच्या तेवढ्या. थोड्या. त्यावर नियम उभा राहील की नाही, मला सांगता येणार नाही."

"आम्ही तुमचा नियम तपासला होता," ती बाई हळू आवाजात म्हणाली. "तुमच्याच नोंदींवर. एकही ठिपका हुकला नाही. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं." तिने कागद उचलले आणि ती निघून गेली. आभार नाहीत, शाबासकी नाही. बिस्किटं तशीच राहिली.

व्हायचं ते झालं. साहेबांनी सगळं खापर सोन्यावर फोडून हात झटकले आणि चौकशी समितीचे अध्यक्ष म्हणून स्वतःलाच नेमलं. सोन्याची नोकरी गेली, राहती जागा गेली. आईने आपलं सामान बांधलं आणि ती सोन्याबरोबर गेली. जाताना म्हणाली, "तू सांभाळ तुझा खरेपणा." शहराच्या दुसऱ्या टोकाला सोन्याने एक पडकी शेड घेतली, पिंजरे तिकडे नेले, आणि धंदा म्हणे जोरात चालला. हेच काम त्याला पहिल्यापासून जमणारं होतं की काय, कोण जाणे.

शांत खोली साफ करायला कुणी तयार होईना. ताईने स्वतः केली. गुडघे कुरकुरत होते, तरी खुरप्याने विष्ठा खरवडली, खळग्यातलं पाणी उपसलं, ते पिल्लू काठीने बाहेर काढलं आणि लांब नेऊन पुरलं. प्रत्येक बादलीला तिला उमासा यायचा आणि प्रत्येक उमाशाला ती भावाला, साहेबांना आणि स्वतःला आळीपाळीने शिव्या घालायची. नवीन सेन्सर तिने आपल्या बचतीतून आणला, कारण संस्थेने कानावर हात ठेवले. नवीन वायर उंदरांच्या दातांना लागू नये म्हणून नळीतून नेली. मग नोंदी सुरू झाल्या, खऱ्या, आणि ती वाट बघत बसली.

काही महिने गेले. एका दुपारी फोन वाजला. सोन्या होता. भांडणानंतर पहिल्यांदाच. मागे कोंबड्यांचा कलकलाट आणि आईचा आवाज ऐकू येत होता, कुणालातरी "ट्रे नीट धर" म्हणून ओरडणारा.

"ताई, नोंदी चालू झाल्या म्हणे."

"झाल्या."

"मग? जुळतंय का गं?"

ताई समोरच्या आलेखाकडे बघत होती. ठिपके सगळीकडे पसरलेले, कुणी मूठभर दाणे भिरकावावेत तसे. मधून तिची ती रेघ गेली होती, एकटीच.

"नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"वारा दोनदा जोरात सुटला. एकदा स्पंदनं आली, एकदा आलीच नाहीत. मग वेग कमी असताना कण दाट आले, तर रेघ थयथय नाचली. नुसत्या वेगाने काही ठरत नाही, सोन्या. दाटपणा लागतो, वाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा लागते, आणखी काय काय लागतं ते मला अजून कळलेलं नाही. थोडाफार खरा होता माझा नियम. थोडाफारच."

सोन्या बोलला तेव्हा त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, खुन्नस नव्हती. त्याला खरंच वाईट वाटत होतं.

"अगं, म्हणजे मी होतो तोवरच तुझा नियम खरा होता की."

ताईने त्याला झापायला तोंड उघडलं. शिव्या तर जिभेवर तयारच होत्या. पण तिला ती सगळी वर्षं आठवली, दर महिन्याला ठिपके रेघेवर अलगद येऊन बसायचे आणि ती खुर्चीत मागे रेलून "वा!" म्हणायची. कपाच्या कानाची किळस येणारी बाई ती, इतक्या वर्षांत एकदाही तिला त्या नीटनेटकेपणाची किळस आली नव्हती.

"हो रे," ती म्हणाली. "तोवरच."